ओसाड आवार कमी पैशांत सावरताना: आधी पाणी, मग माती, रोपं सगळ्यात शेवटी

डागडुजीला आलेलं जुनं घर घेतलं की हातातला पैसा छप्पर, गळती, वायरिंग आणि न्हाणीघर यांतच संपत येतो. घराभोवतीचं आवार तसंच पडून राहतं: कमरेएवढं गवत, कोपऱ्यात राडारोड्याचा ढीग, भिंतीला टेकलेलं वाळकं झाड आणि पाऊस पडला की दाराशी साचणारं तळं. अशा जागेवर पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा कामांचा क्रम चुकल्याने. रोपं हौसेने लावली जातात आणि पुढच्याच महिन्यात सांडपाण्याच्या नळीसाठी तिथेच चर खणावा लागतो. फरशी बसते आणि मग कळतं की तिचा ढाळ घराकडे आहे. विकतची काळी माती पसरली जाते आणि तिच्यातून हरळी दुप्पट जोमाने वर येते.

म्हणून या लेखातला क्रम पाळा: धोके, पाणी, तण, माती, वाटा, रोपं. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचा खर्च कमी करतो.

काही विकत घेण्याआधी

चौकटींचा कागद घ्या, एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर धरा आणि आवाराचा नकाशा काढा. झाडं, चेंबरची झाकणं, नळ, विजेचा खांब, कुंपणाचे कोपरे, सगळं त्यावर यायला हवं. एखाद्या वस्तूची नेमकी जागा ठरवायची सोपी रीत अशी: घराचे दोन कोपरे पक्के धरा, दोन्हींपासून त्या वस्तूचं अंतर फितीने मोजा आणि कागदावर कंपासने दोन कंस काढा. ते जिथे छेदतात तिथे ती वस्तू आहे. मग एका दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावली कुठवर येते त्याच्या रेघा नकाशावर मारा. दिवसाला सहा तासांहून जास्त ऊन मिळणारी जागा, तीन ते सहा तासांची जागा आणि त्याहून कमी उन्हाची जागा असे तीन भाग दिसतील. ऋतू बदलला की या रेघा सरकतात, म्हणून तारीख लिहून ठेवा.

आता घराच्या राहिलेल्या कामांची यादी समोर घ्या. बाहेरचा गिलावा, रंग, छपराची दुरुस्ती, नवी नळी, जमिनीखालून जाणारी वायर, यांतलं काहीही बाकी असेल तर भिंतीपासून दोन मीटरचा पट्टा मोकळाच ठेवायचा. तिथे परांची उभी राहणार, माणसं वावरणार, माती दबणार. विटा-वाळू टाकायला एकच कोपरा ठरवून द्या, आणि सिमेंट कालवणं, थापी-घमेली धुणं हे सगळं त्याच कोपऱ्यात होईल असं कारागिरांना आधी सांगा. सिमेंटचं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं. ते ज्या वाफ्यात मुरलं तिथे रोपं पिवळी पडत राहतात आणि कारण शोधूनही सापडत नाही.

शक्य असेल तर एक पूर्ण ऋतुचक्र थांबा. तेवढा धीर नसेल तर निदान एक जोरदार पाऊस आणि काही आठवडे तरी. वाळलेला वाटणारा झुडपाचा सांगाडा फुटतो, जमिनीतले कंद वर येतात. नखाने साल खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर ते झाड जिवंत आहे. ठेवण्यासारख्या झाडांना रंगीत चिंधी बांधा, म्हणजे साफसफाईत ती चुकून कापली जाणार नाहीत. वाढलेलं झाड ही या आवारातली सगळ्यात मौल्यवान चीज आहे, कारण तिथे पैशापेक्षा वर्षं गेलेली असतात.

धोके आधी हटवा

उंच गवतात पाय टाकण्याआधी काठीने चाचपत जा. जाड तळव्याचे बूट, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षं झाली असतील तर काम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून ती घ्या. जुन्या आवारात गंजके खिळे आणि काचा हमखास निघतात.

शोधायच्या गोष्टी तीन. पहिली, जमिनीतली पोकळी: जुनी विहीर, सेप्टिक टाकी, पाण्याचा हौद. सडलेल्या फळ्या किंवा गंजलेला पत्रा जमिनीलगत दिसला तर त्यावर उभं राहू नका, भोवती दोरी बांधून जागा बंद करा. दुसरी, जमिनीखालच्या वायरी आणि नळ्या. मीटर, नळ आणि चेंबर यांना जोडणाऱ्या सरळ रेषेत त्या असण्याची शक्यता जास्त. तिथे पहार मारायची नाही, हलक्या हाताने फावड्यानेच उकरायचं. तिसरी, विषारी साहित्य. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि वर्षानुवर्षं सोललेल्या रंगाचे पापुद्रे भिंतीलगतच्या मातीत पडलेले असतात. माती तपासून घेतल्याशिवाय या पट्ट्यात भाजीपाला लावू नये, लहान मुलांना तिथे खेळू देऊ नये. नवा रंग देण्याआधी भिंत घासली जाईल तेव्हा खाली ताडपत्री अंथरायला सांगा आणि घासाई ओली करून घ्या. जुने नालीदार सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडायचे नाहीत, करवतीने कापायचे नाहीत आणि त्यांचा चुरा भरावात वापरायचा नाही.

कचरा जाळून जागा पटकन मोकळी होते असं वाटतं, पण रंगवलेलं किंवा वाळवीरोधक रसायन लावलेलं लाकूड जाळलं तर विषारी धूर होतो आणि राखेत आर्सेनिकसारखी द्रव्यं उरतात. ती राख पुढे तुमच्याच वाफ्यात जाते.

जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढ्याच फांद्या स्वतः कापा. मनगटाहून जाड फांदी एका घावात कापली तर ती पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. त्यामुळे तीन काप घ्यायचे: खोडापासून साधारण ३० सेंटिमीटरवर खालच्या बाजूने तिसरा हिस्सा जाडीचा काप, त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण काप, आणि उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर. त्या कड्याला धक्का लावू नका. जखम तिथूनच भरून येते. डांबर किंवा रंग फासायची गरज नसते. एका वर्षात झाडाचा पाव हिस्सा पर्णसंभार काढला तेवढा पुरे. भिंतीवर, छपरावर किंवा विजेच्या तारांवर झुकलेल्या झाडासाठी जाणकार माणूस बोलवा. बाकी सगळीकडे काटकसर करा, इथे नको.

पाणी कुठून येतं, कुठे जातं

घराच्या दुरुस्तीवर केलेला खर्च टिकेल की नाही हे पुष्कळदा बाहेरच्या जमिनीवर ठरतं. भिंतीतली ओल, जोत्याला गेलेल्या भेगा, फुगलेला गिलावा यांच्यामागे घराकडे वळलेला ढाळ हे नेहमीचं कारण असतं. आणि हे काम मुख्यतः फावड्याचं आहे, म्हणजे स्वस्त.

जोरदार पाऊस सुरू असताना छत्री घेऊन आवारात एक फेरी मारा. पाणी कुठून वाहतं, कुठे थांबतं, पन्हळ कुठे ओसंडते, हे नकाशावर बाणांनी दाखवा. मग ढाळ मोजा. भिंतीशी एक खुंटी आणि तिच्यापासून तीन मीटरवर दुसरी खुंटी ठोका. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोकं दोन खुंट्यांना धरा. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला येतं. तिथे खुणा करा आणि खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. भिंतीपासून लांबच्या खुंटीशी हे अंतर किमान १५ सेंटिमीटर जास्त भरायला हवं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून आधी नळी उभी धरून टिचक्या मारा.

ढाळ कमी असेल तर भिंतीशी भर घालायची. १० मीटर लांबीच्या भिंतीला, तीन मीटर रुंद आणि भिंतीकडे १५ सेंटिमीटर जाड पाचरीसारखी भर घालायची तर सव्वादोन घनमीटर माती लागते. ही माती विकत आणण्याआधी वाटांच्या खोदाईतून किती निघेल याचा हिशोब करा. बऱ्याचदा तीच पुरते. भर घालायची ती चिकणमातीची, दहा-दहा सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर धुम्मसने ठोकून. वाळू किंवा कंपोस्ट इथे चालत नाही. वाळूतून पाणी सरळ पायाकडे उतरतं आणि कंपोस्ट कुजून खाली बसतं. भर घातल्यावरही मातीची पातळी जोत्यातल्या ओलरोधक थराच्या १५ सेंटिमीटर खालीच राहिली पाहिजे. तसं जमत नसेल तर भर घालण्याऐवजी लांबची जमीन खरवडून खाली घ्या. आणि पायालगत खोल चर कधीही खणू नका. पायाच्या बुडाखालची माती मोकळी झाली की भिंत खचू शकते.

छपराचं पाणी हा निम्मा प्रश्न असतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी पन्हळीतून खाली येतं, आणि उभी नळी भिंतीच्या बुडाशीच संपत असेल तर ते सगळं पायात जातं. आधी पन्हळीतला पाला काढा, मग नळीला जोड देऊन तिचं तोंड दोन-तीन मीटर लांब न्या. एवढ्यानेच अनेक घरांची ओल बरीच कमी होते.

पुढे ते पाणी कुठे सोडायचं हे माती ठरवते. ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, पूर्ण मुरू द्या. पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. पहिल्या वेळचं माप धरू नका, कारण कोरडी माती सुरुवातीला जास्त पाणी पिते. तासाला अडीच सेंटिमीटर किंवा अधिक उतरत असेल तर घरापासून किमान तीन मीटर लांब, सुमारे १५ सेंटिमीटर खोल, बशीसारखा उथळ खळगा करून पाणी त्यात जिरवता येतं. एक-सव्वा सेंटिमीटरहून कमी उतरत असेल तर जिरवण्याचा हट्ट सोडा आणि गवत वाढू दिलेला उथळ, रुंद चर काढून पाणी आवाराच्या सखल बाजूला न्या. चराला मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर ढाळ पुरतो. ते शेजाऱ्याच्या हद्दीत सोडायचं नाही. खळग्यातलं पाणी दोन दिवसांत जिरलं पाहिजे. आठवडाभर थांबलेल्या पाण्यात डासांची पिढी तयार होते. जुने टायर, फुटक्या कुंड्या, उपड्या न केलेल्या बादल्या यांनाही हेच लागू.

छिद्रांची नळी आणि खडी घालून बंदिस्त चर करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. ढाळ आणि पन्हळ सुधारून एक पावसाळा पाहिल्याखेरीज त्यावर खर्च करू नका. बहुतेक आवारांत मग त्याची गरज उरत नाही.

राडारोडा बाहेर फेकू नका

कचरा न्यायला गाडी बोलावली की प्रत्येक खेपेला पैसे जातात, आणि काही महिन्यांनी वाटेच्या पायासाठी तशाच विटांचे तुकडे विकत आणावे लागतात. म्हणून साफसफाई करताना वेगळे ढीग करा: अख्ख्या विटा आणि दगड, तुकडे आणि काँक्रीटचं डबर, माती, हिरवा पाला, जाड लाकूड, धातू. धातू भंगारात जातो. अख्ख्या विटा वाफ्यांच्या कडेला आणि डबर वाटेखाली लागतं. काचा, रसायनांचे डबे, जुन्या बॅटऱ्या आणि संशयास्पद पत्रे मात्र वेगळे बांधून योग्य ठिकाणीच पोचवा. गाडी एकदाच बोलवा, सगळं जमल्यावर.

हत्यारांचंही तसंच. फावडं, काटेफावडं, कुदळ, पहार, धुम्मस, विळा, खुरपं, दाताळं, छाटणीची कात्री, हातकरवत आणि एक ढकलगाडी एवढ्यावर सगळं आवार उभं राहतं. जुनी हत्यारं चालतात. पातं गंजलेलं असलं तरी घासून धार लावता येते, पण पात्याचा दांड्याशी जोड ढिला किंवा तडकलेला असेल तर घेऊ नका. गवत कापायचं किंवा फांद्यांचा चुरा करायचं यंत्र एका दिवसासाठी भाड्याने आणा.

तण: घाई इथे सगळ्यात महाग पडते

सगळं गवत रोटरने उलटंपालटं करून एका दिवसात जमीन काळीभोर दिसते. तीन आठवड्यांनी तिथे आधीपेक्षा दाट तण असतं. हरळीच्या मुळाचा किंवा काडीचा प्रत्येक तुकडा नवं रोप होतो, आणि वर्षानुवर्षं खोल गाडलेलं बी उजेडात येऊन रुजतं. म्हणून आधी तण ओळखा.

एका हंगामात जगून बी टाकणारं तण फुलावर येण्याआधी जमिनीलगत कापलं की काम झालं. कापलेलं तिथेच अंथरा. त्यात गाजरगवत असेल तर हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात, कारण त्याने त्वचेला खाज आणि पुरळ येते.

हरळीसारख्या पसरणाऱ्या गवतासाठी उजेड तोडणं हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय. गवत अगदी बुडाशी कापा, जमीन भिजवा, त्यावर साध्या तपकिरी पुठ्ठ्याचे दोन थर अंथरा. चिकटपट्ट्या आणि पिना आधी काढा, चकचकीत छपाईचा पुठ्ठा वगळा. दोन तुकड्यांची कड एकमेकींवर १५ ते २० सेंटिमीटर चढली पाहिजे; फट राहिली की गवत नेमकं तिथूनच डोकं काढतं. पुठ्ठा चिंब भिजवून त्यावर पालापाचोळा किंवा लाकडाचा चुरा १० ते १५ सेंटिमीटर जाड टाका. झाडं छाटणाऱ्या लोकांना असा चुरा टाकायला जागाच हवी असते, विचारलं तर तो फुकट मिळू शकतो. सहा महिने ते वर्षभर हात लावायचा नाही, फक्त कडेने आत येणाऱ्या काड्या दर पंधरवड्याला उपटायच्या. कडेला फावड्याने २० सेंटिमीटर खोल अरुंद चर मारून ठेवला तर ही राखण सोपी होते.

लव्हाळ्याला पुठ्ठा पुरत नाही. त्याचे टोकदार कोंब पुठ्ठाच काय, पातळ प्लास्टिकही भोसकून वर येतात. त्याच्या गाठींत साठवलेलं अन्न संपवणं हाच मार्ग: दर दोन-तीन आठवड्यांनी, पाच-सहा पानं फुटण्याआधी, खुरप्याने गाठीसकट काढत राहायचं. एक खेप चुकली की नव्या गाठी तयार होतात. हे काम दोन हंगाम चालतं हे आधीच धरून चला आणि लव्हाळा असलेल्या तुकड्यात तोवर कायमची रोपं लावू नका.

कडक उन्हाचा काळ समोर असेल तर छोट्या वाफ्यासाठी ऊन वापरता येतं. जमीन सपाट करा, भरपूर भिजवा आणि वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा मातीत गाडा. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातलं बरंचसं बी आणि काही रोगजंतू उष्णतेने मरतात. काळं प्लास्टिक इथे घेऊ नका. ते उजेड अडवतं, पण माती तेवढी तापवत नाही. प्लास्टिक काढल्यावर पाच-सात सेंटिमीटरहून खोल उकरलं तर खालचं जिवंत बी वर येतं आणि सगळी मेहनत जाते.

मीठ टाकून तण मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तण परत येतं, माती मात्र कित्येक महिने नापीक राहते. वाफ्याखाली तणरोधक कापड अंथरणंही टाळा: वर माती साचते, त्यात तण रुजतं, त्याची मुळं कापडात विणली जातात आणि मग ना तण निघतं ना कापड.

माती विकत आणण्याआधी आहे ती ओळखा

काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून जोरात हलवा आणि स्थिर ठेवा. रेती मिनिटभरात खाली बसते, पोयटा, म्हणजे रेतीहून बारीक गाळ, काही तासांत, चिकणमातीला दिवसभर किंवा जास्त लागतो. थरांची जाडी पट्टीने मोजली की मातीचा पोत कळतो. अशा तीन बरण्या तीन जागांसाठी भरा; जुन्या घराभोवती एका बाजूला मूळ जमीन आणि दुसऱ्या बाजूला भराव असणं नेहमीचं आहे. चुन्या-सिमेंटचे तुकडे फार निघत असतील तर ती माती अल्कधर्मी असणार, आणि तिथे आम्लधर्मी जमीन मागणारी झाडं तग धरत नाहीत.

दुसरी परीक्षा दाबाची. ओलसर जमिनीत लांब स्क्रूड्रायव्हर हाताने खुपसा. तो १५ सेंटिमीटर जात नसेल तर माती दबली आहे आणि कितीही खत घातलं तरी मुळं खाली जाणार नाहीत. उलथापालथ न करता काटेफावडं २० सेंटिमीटर खोल रोवा, दांडा मागे-पुढे हलवून भेगा पाडा, १५ सेंटिमीटर मागे सरका, पुन्हा तेच. हे काम वाफशावरच, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असतानाच करायचं. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा: गोळा फुटला तर वाफसा आला, अंगठ्याचा नुसता ठसा उमटला तर थांबा. ओल्या चिकणमातीत एकदा काम केलं की तिची ढेकळं होतात आणि ती वर्षभर पिच्छा सोडत नाहीत. चिकणमाती मोकळी करायला थोडी वाळू मिसळली तर ती आणखीच घट्ट बसते. चिकणमातीला आणि रेताड मातीला, दोघींना औषध एकच: सेंद्रिय पदार्थ.

किती लागेल? एक चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर थर म्हणजे ५० लिटर कंपोस्ट. १०० चौरस मीटरला पाच घनमीटर होतं, आणि ते विकत आणायचं म्हणजे सगळा हिशोब कोलमडतो. म्हणून पहिल्या वर्षी ज्या वाफ्यांत लावणी करणार फक्त तिथेच कंपोस्ट, उरलेल्या जागेवर पाल्याचं आच्छादन. तेवढ्यानेही गांडुळं परत येतात.

कंपोस्ट घरीच करा, साहित्य आवारातच आहे. ढीग निदान एक मीटर लांब, रुंद आणि उंच हवा. त्याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. आकारमानाने दोन-तीन भाग सुका पाला, काड्या, फाडलेला पुठ्ठा आणि एक भाग हिरवं गवत किंवा स्वयंपाकघरातला भाजीपाल्याचा कचरा. ओल पिळून काढलेल्या फडक्याइतकी. ढीग नीट जमला तर काही दिवसांत आत ५५ ते ६५ अंश सेल्सियस तापमान होतं. आत खुपसलेली लोखंडी सळई बाहेर काढल्यावर हातात धरवत नाही. आठवड्याला एकदा चाळवला तर तीन-चार महिन्यांत कंपोस्ट वापरायजोगं होतं. नाक मुरडायला लावणारा अमोनियाचा वास आला तर हिरवं जास्त झालंय, सुकं घाला. ढीग थंडच राहिला तर तो कोरडा आहे, लहान आहे किंवा हिरवं कमी पडलंय. हरळी आणि लव्हाळ्याच्या मुळ्या मात्र थेट ढिगात टाकायच्या नाहीत. आधी पत्र्यावर पसरून कडकडीत वाळवा किंवा झाकणाच्या बादलीत पाण्याखाली महिनाभर कुजवा.

बाहेरून शेणखत किंवा गवताचं खत आणलंत तर एक छोटी चाचणी जरूर करा. चाऱ्याच्या गवतावर मारलेली काही तणनाशकं जनावराच्या पोटातून जाऊनही शेणात शिल्लक राहतात आणि त्या खतात टोमॅटो, शेंगभाज्या आखडतात. तीन कुंड्यांत निम्मं खत आणि निम्मी माती घालून घेवड्याचं किंवा वाटाण्याचं बी पेरा, तुलनेला तीन कुंड्या नुसत्या मातीच्या. तीन आठवड्यांत खताच्या कुंड्यांतली नवी पानं पिळवटलेली किंवा द्रोणासारखी वळलेली दिसली तर ते खत वाफ्यात नको.

वाटा

वाट कुठे हवी हे तुमचे पायच सांगतात. काही आठवड्यांत जिथे गवत दबलं तिथेच ती आखा. ढकलगाडीची वाट ९० सेंटिमीटर रुंद, बाकीच्या ६०. कायमची वाट खडीची आणि वाफ्यांमधली लाकडाच्या चुऱ्याची करणं परवडतं. चुरा सात-आठ सेंटिमीटर जाड टाका आणि दरवर्षी वर थोडी भर घाला.

१० मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद खडीच्या वाटेचा हिशोब असा. क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. खोदाई १३ सेंटिमीटर, म्हणजे सव्वा घनमीटरच्या आसपास माती निघेल, आणि मोकळी झाल्यावर ती दीड घनमीटर दिसेल. हीच भिंतीशी भर घालायला न्यायची. तळाशी डबर आणि मुरूम ठोकून आठ सेंटिमीटर. ठोकल्यावर थर बसतो म्हणून सुटं साहित्य पाव हिस्सा जास्त धरा, साधारण ०.९ घनमीटर. वर पाच सेंटिमीटर खडी, म्हणजे ०.४५ घनमीटर, वजनाने पाऊण टनाच्या जवळ. खडी १० ते २० मिलिमीटरची, कोनदार घ्या. नदीतले गोल गोटे दिसतात छान, पण पायाखाली घरंगळतात आणि त्यांत ढकलगाडीचं चाक रुतत जातं. कडेला विटा उभ्या गाडल्या नाहीत तर वर्षभरात खडी वाफ्यात पसरते. वाटेलाही एका बाजूला, घरापासून दूर, मीटरमागे दोन सेंटिमीटर ढाळ द्या.

फुटलेल्या काँक्रीटचे पाच सेंटिमीटरहून जाड सपाट तुकडे पावलांच्या फरश्या म्हणून उत्तम. तीन सेंटिमीटर वाळूवर बसवा, दोन तुकड्यांच्या मध्यांमध्ये साधारण ६० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना चालून पाहायला लावा. मुलांची पावलं लहान असतात.

रोपं, आता

लहान रोपं घ्या. मोठ्या कुंडीतलं उंच झाड महाग असतं आणि मुळं हलल्यामुळे एक-दोन वर्षं नुसतं उभं राहतं. जोमदार लहान रोप अनेकदा त्याला गाठतं. रोप घेताना कुंडीतून अलगद काढून मुळं बघा. ती गोल गोल गुंडाळलेली असतील तर ते नको. कुंडीच्या मातीत लव्हाळ्याचे कोंब आहेत का हेही पाहा. ओळखीच्यांकडून मिळालेली रोपं, कंद आणि फुटवे तर पैसा न घालवता आवार भरून टाकतात, पण ती आधी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा, म्हणजे कीड किंवा तण असेल तर आवारात शिरणार नाही.

छाट कलम करायला पेन्सिलीएवढ्या जाडीची, १५ ते २० सेंटिमीटर लांब, निरोगी फांदी घ्या. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली, खालची पानं काढलेली, निदान दोन डोळे मातीत. निम्मी रेती घातलेल्या ओलसर मिश्रणात सावलीला ठेवा. वरून नुसती पालवी दिसली म्हणून काढू नका. हलकेच ओढल्यावर अडकल्यासारखं वाटलं की मुळं फुटली. दहा लावाल तेव्हा पाच-सहा जगतील असं धरा.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. जास्त खोल खणून परत भरलेली माती पुढे खचते आणि झाड बुडतं. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. खड्ड्यात खताचा ढीग घालायची सवय मोडा. निघालेलीच माती परत भरा आणि कंपोस्ट वरून द्या, नाहीतर मुळं त्या गोड खड्ड्यातच घुटमळतात. आळं करून सात-आठ सेंटिमीटर आच्छादन टाका, खोडाभोवती आठ-दहा सेंटिमीटर जागा मोकळी ठेवून. खोडाला चिकटलेलं ओलं आच्छादन साल कुजवतं. लाकडाचा चुरा मातीच्या वर ठेवायचा, आत मिसळायचा नाही. मिसळला तर तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी दिसतात.

अंतर ठरवताना झाडाचा पूर्ण वाढ झाल्यावरचा पसारा धरा. मधली मोकळी जागा पहिली दोन वर्षं हंगामी फुलं, भाजी किंवा हिरवळीच्या (कापून मातीलाच खत म्हणून देण्याच्या) पिकाने भरा. बियांचं एक पाकीट तिथे पुरतं. मोठी होणारी झाडं घराच्या पायापासून, सेप्टिक टाकीपासून आणि सांडपाण्याच्या नळीपासून निदान पाच-सहा मीटर लांब, आणि विजेच्या तारांखाली मुळीच नकोत. भिंतीच्या भेगेत आपोआप उगवलेलं वड-पिंपळासारखं रोप चिमूटभर असतानाच मुळासकट काढा. नंतर ते काढताना भिंत फोडावी लागते.

पहिल्या वर्षी पाणी कमी वेळा पण खोलवर द्या. बोट पाच सेंटिमीटर खुपसून माती कोरडी लागली की लहान झाडाला दहा लिटर, सावकाश, आळ्यात. रोज शिंपडलेलं थोडं पाणी वरचाच थर भिजवतं, मुळं वरच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात रोप माना टाकतं. बुडाला छोटं भोक पाडलेली बादली झाडाशी ठेवली तर ठिबक संचाचा खर्च वाचतो. वाऱ्याच्या जागी आधाराची काठी लागलीच तर झाड थोडं हलेल इतकं सैल बांधा, रुंद कापडी पट्टीने, आणि दर दोन महिन्यांनी गाठ तपासा. वर्षभराने काठी काढून घ्या. खोड जाड होत गेलं की विसरलेली दोरी सालीत रुतते आणि वरचं झाड वाळतं.